गर्भारपणातील मधुमेह : चरबीच्या पेशी काय सांगतात?

पवनार (जि. वर्धा) : वर्ध्याहून नागपूरकडे निघाले, की थोड्याच वेळात धाम नदी लागते आणि तिच्या काठावर पवनार. आचार्य विनोबा भावे यांचा परमधाम आश्रम आणि १९५९ साली त्यांनी स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर यांमुळे हे नाव देशभर पोहोचले. आश्रमाचा परिसर ओलांडला, की मात्र हे विदर्भातील इतर शेकडो गावांसारखेच शेती आणि शेतमजुरीवर चालणारे गाव आहे. एका बाबतीत येथील गरोदर स्त्री सुदैवी म्हणावी लागेल. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय, अशी दोन मोठी रुग्णालये तिच्या आवाक्यात आहेत.

अशा गावांतील गरोदर स्त्रीला तपासणीच्या वेळी ग्लुकोजचे पाणी पाजले जाते आणि दोन तासांनी रक्त घेतले जाते. अहवालात साखरेचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक निघाला, तर घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : हिच्या अंगावर मूठभर मांस नाही, हिला साखर कशी? मधुमेह म्हणजे खात्यापित्या, स्थूल, बैठ्या माणसांचा आजार ही समजूत त्या प्रश्नामागे असते. प्रश्न मात्र अगदी योग्य आहे. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग त्या न दिसणाऱ्या चरबीत आणि त्या चरबीतील जनुकांच्या कामकाजात दडलेला आहे, असे गेल्या तीन दशकांतील संशोधनातून दिसून आले आहे.

शरीराने मुद्दाम केलेली व्यवस्था

पूर्वी मधुमेह नसलेल्या स्त्रीच्या रक्तातील साखर गरोदरपणात ठरावीक मर्यादेपलीकडे वाढते, तेव्हा तिला गर्भावधी मधुमेह झाला असे म्हणतात. बॉस्टन येथील डॉ. जॉन ओसलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर महान यांनी १९६४ साली त्याचे पहिले सर्वमान्य निकष मांडले. या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बाळावर होणाऱ्या परिणामांचा भक्कम पुरावा २००८ साली ‘हापो’ या नऊ देशांतील अभ्यासातून पुढे आला. आईची साखर जसजशी वाढते, तसतसे बाळाचे वजन आणि त्याच्या अंगातील चरबी वाढत जाते. ‘इथवर सुरक्षित, येथून पुढे धोका’ अशी स्पष्ट रेषा नसते, असे त्यात आढळले. या नऊ देशांत भारत नव्हता.

हा आजार समजून घेण्यासाठी प्रथम निरोगी गरोदरपणाकडे पाहावे लागते. गर्भाला मुख्यतः साखर लागते आणि ती त्याला आईच्या रक्तातूनच मिळते. आईच्या स्नायूंनी ती आधीच वापरून टाकली, तर बाळाला काय उरणार? म्हणून वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, आईच्या रक्तात काही संप्रेरके सोडते आणि ती आईच्या पेशींना इन्सुलिनचे ऐकेनासे करतात. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो. यालाच इन्सुलिनरोध म्हणतात, आणि गरोदरपणात तो सर्वच स्त्रियांत येतो. आईचे स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. इन्सुलिनरोध प्रमाणाबाहेर गेला किंवा स्वादुपिंडाची झेप अपुरी पडली, की रक्तातील साखर चढते. बाळंतपणात वार बाहेर पडते आणि साखर बहुतेक स्त्रियांत आपोआप खाली येते.

कणगी नव्हे, ग्रंथी

या सगळ्यात चरबीचा संबंध कोठे येतो? चरबीची ऊती म्हणजे जादा अन्न साठवण्याची कणगी, यापलीकडे तिला फारसे महत्त्व दीर्घकाळ कोणी दिले नव्हते. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले. वर्षभरातच ॲडिपोनेक्टिन हाती आले. चरबी ही थायरॉइड किंवा स्वादुपिंडासारखीच निरोप धाडणारी ग्रंथी आहे, हे तेव्हापासून मान्य झाले. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत ती साठा करते, शेवटच्या महिन्यांत तो साठा मोकळा करून आईच्या शरीराला इंधन पुरवते आणि साखर बाळासाठी राखून ठेवते. एका अवयवाने काही महिन्यांत आपला कारभार असा उलटा फिरवायचा, तर त्याच्या आत कोणती जनुके कधी जागी होतात हे पाहणे आलेच.

येथे ‘जनुकांची अभिव्यक्ती’ ही संज्ञा समजून घेतली पाहिजे. शेतकरी वाचकाला ती सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून चटकन उमगेल. वरच्या नमुना सातमध्ये जमीन कोणाची आणि किती, हे असते. ते वर्षानुवर्षे तसेच राहते. खालच्या नमुना बारामध्ये त्या हंगामात काय पेरले त्याची नोंद असते आणि ती दरवर्षी बदलते. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा नमुना सात जवळजवळ एकसारखाच असतो. यकृताची पेशी, चरबीची पेशी आणि स्नायूची पेशी यांतला फरक नमुना बाराचा : कोणते जनुक आत्ता वाचले जात आहे आणि किती जोमाने. जनुक वाचले गेले, की त्याची एक तात्पुरती नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होते. या नकला मोजल्या, की पेशीचा चालू हंगाम कळतो. ‘गर्भारपणात मधुमेहाचे जनुक लागते’ असे कोणी म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. जनुके तीच असतात, त्यांचे वाचन बदलते.

नमुने मिळवण्याची वेळ बहुधा सिझेरियन शस्त्रक्रियेची असते. स्त्रीची लेखी संमती घेऊन पोटाच्या त्वचेखालील चरबीचा आणि कधी आतड्यांवर पडद्यासारख्या पसरलेल्या वपेतील चरबीचा लहानसा तुकडा काढतात. आरएनए अतिशय नाशवंत असल्याने तो तुकडा लगेच उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावा लागतो. पुढे एकेका जनुकाच्या नकला पीसीआर तंत्राने मोजतात, अथवा हजारो जनुकांचे वाचन एकाच वेळी मायक्रोअॅरे किंवा आरएनए-अनुक्रमणाच्या साहाय्याने करतात.

काय आढळले

सर्वांत जास्त वेळा आढळलेली गोष्ट ॲडिपोनेक्टिनची आहे. हे संप्रेरक पेशींना इन्सुलिनचे ऐकायला लावते. गर्भावधी मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते कमी असते आणि निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत त्यांच्या चरबीत त्याच्या जनुकाचे वाचनही मंदावलेले दिसले आहे. उलट, टीएनएफ-अल्फासारखे दाह वाढवणारे निरोप या आजारात चढे असल्याचे अनेक अभ्यासांत नोंदले गेले. मेलबर्न येथील मार्था लप्पास यांच्या गटाने चरबीतील या दाहाचा विशेष पाठपुरावा केला आहे. येथे दाह म्हणजे जखम किंवा ताप नव्हे. तो मंद, न जाणवणारा आणि सतत धुमसणारा असतो.

इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत कोठे अडतो, हा दुसरा प्रश्न. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे पॅट्रिक कॅटलानो आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दोन दुवे दाखवून दिले. इन्सुलिनने पेशीच्या दारावर थाप मारली, की तो निरोप आत नेणारे ‘आयआरएस-१’ नावाचे प्रथिन असते. ते स्थूल मधुमेही गर्भवतींच्या चरबीत कमी आढळले. चरबीची पेशी घडवणाऱ्या अनेक जनुकांचा मुकादम म्हणता येईल अशा ‘पीपीएआर-गॅमा’ या जनुकाचे वाचनही घटलेले होते. परिणामी चरबीच्या पेशी इन्सुलिनला न जुमानता स्निग्धाम्ले रक्तात सोडत राहतात आणि ती स्निग्धाम्ले स्नायूंतील इन्सुलिनरोध आणखी वाढवतात.

याच्या बरेच आधी, १९९३ साली टिमथी गार्व्ही यांच्या गटाने केलेले निरीक्षण आजही विचार करायला लावते. साखरेला पेशीत घेणाऱ्या ‘ग्लुट-४’ या वाहक प्रथिनाकडे त्यांनी पाहिले. काही मधुमेही गर्भवतींच्या चरबीपेशींत हे वाहक फारच थोडे होते. इतर काहींत ते पुरेसे होते, पण पेशीत भलत्याच जागी अडकून पडलेले. नकला मोजून सगळे कळते असे नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे; पेरा नोंदला म्हणून पीक घरात आले असे होत नाही.

प्रस्तुत बातमीदाराला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील सिल्विया कोर्व्हेरा यांच्या गटाचे २०१५ सालचे काम. गरोदरपणात चरबीला वाढावे लागते आणि वाढायचे तर नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी हव्यात. गर्भावधी मधुमेह असलेल्या स्त्रियांत ही वाढ खुंटलेली दिसली : वपेतील पेशी संख्येने वाढण्याऐवजी फुगलेल्या होत्या, आणि ऊतीच्या वाढीशी निगडित ‘आयजीएफबीपी-५’ या जनुकाचे वाचन घटलेले होते. कणगी लहान पडली, की धान्य ओसरीवर, माजघरात, मिळेल तेथे सांडते. तशी चरबीच्या पेशीत न मावलेली चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते आणि तेथे इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणजे चरबी किती आहे यापेक्षा ती साठवण्याची ऐपत किती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या अभ्यासातील मधुमेही स्त्रियांची संख्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, हेही नमूद केले पाहिजे.

या क्षेत्रातील बहुतेक अभ्यासांची हीच अडचण आहे. नमुने थोडे, आणि तेही बाळंतपणाच्या दिवशी घेतलेले. आजार सुरू होतो चौथ्या-सहाव्या महिन्यात आणि चरबी तपासली जाते नवव्यात. तोवर वाढलेल्या साखरेमुळेच जनुकांचे वाचन बदलले असेल, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे कठीण होते. शिवाय मधुमेही गट बहुधा अधिक स्थूल असतो. त्यामुळे दिसलेला फरक मधुमेहाचा की स्थूलपणाचा, हा वाद उरतोच. आणि हे जवळजवळ सर्व ज्ञान अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या चरबीवरून आलेले आहे. वर्धा जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रीला ते जसेच्या तसे लागू करता येईल का?

पुण्याचे उत्तर

या प्रश्नाचे सर्वांत मोलाचे उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त अशा भारतीय देहयष्टीचे हे उदाहरण जगभर गाजले.

त्यामागे १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चाललेला माता-पोषण अभ्यास होता. या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंत आणि पोटातील अवयवांत कमी पडत होती, पण पाठीवरील त्वचेखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखलेली होती. २००९ साली लंडन आणि पुणे येथील नवजात बाळांच्या एमआरआय तपासणीतही भारतीय बाळांच्या पोटातील चरबीचे प्रमाण अधिक दिसले. प्रौढांकडे पाहायचे, तर अमेरिकेतील डॅलस येथे २००७ साली दक्षिण आशियाई तरुण पुरुषांच्या चरबीपेशी तेथील गोऱ्या तरुणांच्या पेशींहून मोठ्या आणि रक्तातील ॲडिपोनेक्टिन कमी आढळले होते. हा अभ्यास पुरुषांवरचा आहे, गर्भवतींवरचा नाही. तरीही फुगलेली पेशी आणि घटलेले ॲडिपोनेक्टिन ही जोडी मॅसॅच्युसेट्सच्या आणि इतर अभ्यासांतील चित्राशी जुळते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तेव्हा मूठभर मांस नसलेल्या बाईला साखर कशी, याचे उत्तर असे देता येईल : तिच्याकडे साखर वापरणारे स्नायू मुळातच कमी असतात, चरबी साठवण्याची जागा लवकर संपते, आणि गरोदरपणात वार इन्सुलिनरोध वाढवते तेव्हा तोल सांभाळायला फारसा वाव उरत नाही. वजनकाट्यावर यातले काहीच दिसत नाही.

बाळाच्या चरबीपर्यंत

आईची वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. कोपनहेगनचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती आजही टिकून आहे. जादा साखर हाताळण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच इन्सुलिन वाढवते आणि त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगात चरबी साचते. आता त्यात जनुकांच्या वाचनाचीही भर पडली आहे. कॅनडातील ल्युजी बुशार यांच्या गटाने २०१० साली वारेतील लेप्टिनच्या जनुकावर असलेल्या रासायनिक खुणा आईच्या साखरेशी निगडित असल्याचे दाखवले. अशा खुणा जनुक किती वाचले जावे हे ठरवतात. त्यांपैकी किती खुणा मूल मोठे होईपर्यंत टिकतात, यावर अद्याप एकमत नाही.

पुण्याच्या त्याच सहा गावांतील मुले १८ वर्षांची झाली, तेव्हा त्यांची साखर तपासण्यात आली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहपूर्व अवस्थेत किंवा मधुमेही निघाल्या. त्याच वेळी जवळजवळ निम्मी मुले वजनाने कमी होती. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरोदरपणी आईची साखर अधिक होती, त्या मुलांत ही शक्यता जास्त दिसली.

तपासणी आणि त्यानंतर

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या आणि पुढे २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी व्हायला हवी. बारीक स्त्रीला त्यातून सूट नाही. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच, दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात मिसळून पाच-दहा मिनिटांत प्यायचे. उपाशीपोटी येण्याची गरज नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी. दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, तर निदान पक्के. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेली ही पद्धत पहाटे उपाशी निघून दूरच्या दवाखान्यात पोहोचणे ज्यांना शक्य नाही, अशा स्त्रियांसाठी सोयीची आहे. ती काही रुग्ण निसटू देते, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण उपाशीपोटी तीनदा रक्त देण्याची तपासणी खेड्यात होतच नसेल, तर तिच्या अचूकतेचा उपयोग काय? याच पद्धतीने तामिळनाडूत केलेल्या २००८ च्या पाहणीत शहरी भागात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के, तर ग्रामीण भागात ९.९ टक्के गर्भवतींमध्ये हा आजार आढळला होता. खेड्यातील दहातील एक, हे प्रमाण थोडे नव्हे.

निदानानंतर प्रथम आहार आणि चालणे यांवर दोन आठवडे भर दिला जातो. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही, तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. उपाशी राहणे हा उपाय नव्हे. गरोदर स्त्रीने चतुर्थीचा उपवास धरून साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाल्ला, तर तिच्या ताटात पिष्टाशिवाय फारसे काही उरत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी आणि ताक असे साधे जेवण त्यापेक्षा कितीतरी बरे.

आहाराने हा आजार टाळता येईल का, याचे उत्साहवर्धक उत्तर मुंबईतून आले आहे. तेथील झोपडवस्त्यांमधील स्त्रियांना गरोदर राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत रोज हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला एक खाद्यपदार्थ देण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात गर्भावधी मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के, तर साधा पदार्थ मिळालेल्या स्त्रियांत १२.४ टक्के होते. पालेभाजी आणि दुधातील नेमक्या कोणत्या घटकाने कोणत्या ऊतीत काय घडवले, हे त्या प्रयोगात तपासलेले नव्हते. चरबीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी तो पुढचा प्रश्न आहे.

बाळंतपणानंतरची एक तपासणी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. साखर उतरली तरी चरबीची आणि स्वादुपिंडाची मूळ घडण बदललेली नसते. २००९ सालच्या एका एकत्रित विश्लेषणानुसार अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सातपटीहून अधिक असतो. २०२० सालच्या विश्लेषणात तो जवळपास दहापट निघाला. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, आणि या वेळी मात्र उपाशीपोटी. दोन तासांची साखर २०० किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेह, १४० ते १९९ आल्यास मधुमेहपूर्व अवस्था. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. तिची गरोदरपणातील नोंद सासरच्या गावी, बाळंतपण माहेरच्या गावी, आणि सहावा आठवडा उजाडतो तेव्हा ती बहुधा माहेरीच असते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि साखरेचे सर्व अहवाल तिने सोबत न्यावेत. तेथील आशा कार्यकर्ती किंवा परिचारिकेला ते दाखवून सहाव्या आठवड्याची तारीख ठरवून घ्यावी, आणि त्यानंतर दर वर्षी एकदा साखर तपासत राहावी.